बाटलेल्याचा नातू, बाटलेल्याचा मुलगा

१५८० च्या डिसेंबरात गोव्यात एका मेलेल्या माणसाला शिक्षा झाली. बारा वर्षांपूर्वी पुरलेली त्याची हाडं उकरून काढली गेली आणि जाहीरपणे जाळली गेली. हा माणूस वरून ख्रिस्ती आणि आतून यहुदी होता, असा आरोप होता. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. पेशानं वैद्य. पोर्तुगीज गव्हर्नरांपासून सामान्य रुग्णांपर्यंत सगळ्यांच्या नाड्या त्यानं पाहिल्या होत्या, आणि त्याच्या रुग्णांमध्ये नगरचा बुऱ्हाण निजामशाहही होता.

युरोपचं मध्ययुग म्हटलं की आपल्याकडे परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या शब्दांची माळ डोळ्यांपुढे येते : क्रूसेड, सरंजामशाही, पोप, प्लेग, इन्क्विझिशन. हे सगळं कुठल्यातरी थंड, दूरच्या मुलखात घडलं आणि त्याचा आपल्याशी काही संबंध नाही, अशी आपली समजूत असते. पण त्या माळेतला शेवटचा शब्द ज्याच्या मानगुटीवर बसला, तो माणूस सोळाव्या शतकात घाट चढून नगरच्या दरबारात ये-जा करत होता. या भेटींकडे नीट पाहिलं तर ‘मध्ययुगीन’ ही शिवी आपण नेमकी कुणाला द्यायची, याचा पुन्हा विचार करावा लागतो.

ओर्ताचे आईवडील मूळ स्पेनचे यहुदी. १४९२ मध्ये फर्डिनांड आणि इझाबेला यांनी ग्रॅनडा जिंकलं आणि त्याच वर्षी यहुद्यांना फर्मान सोडलं : बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. ओर्ताच्या घरच्यांनी देश सोडला, शेजारच्या पोर्तुगालमध्ये आले. पाच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या राजानं निवडीचा प्रश्नच ठेवला नाही, सरसकट बाप्तिस्मा. मग १५०१ च्या सुमाराला कास्तेलो द विदे या सरहद्दीवरच्या गावात गार्सिया जन्मला. म्हणजे तो स्वतः बाटलेला नव्हे, जन्मतःच ख्रिस्ती. पण त्या समाजात ‘नवा ख्रिस्ती’ हा शिक्का पिढ्यान् पिढ्या पुसला जात नसे. स्पेनमधल्या टोलेडो शहरानं १४४९ मध्येच नियम केला होता, की यहुदी रक्ताच्या ख्रिस्त्याला शहरात अधिकाराची जागा मिळणार नाही. श्रद्धा बदलली तरी रक्त कसं बदलणार, हा त्यामागचा हिशोब.

गंमत अशी, की हेच टोलेडो त्याच्या तीनशे वर्षं आधी अरबी ग्रंथांच्या भाषांतराचं केंद्र होतं. क्रेमोनाचा जेरार्ड तिथेच बसून इब्न सीनाचा ‘कानून’ लॅटिनमध्ये आणत होता. पुढे तो ग्रंथ युरोपातल्या वैद्यकीच्या विद्यापीठांत पाठ्यपुस्तक झाला. ओर्ता सालामांका आणि अल्काला इथं जे वैद्यक शिकला, ते प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन आणि इब्न सीना यांचंच. आणि नगरच्या दरबारात जे इराणी-अरबी हकीम होते, त्यांचाही मूळ ग्रंथ तोच. एकच पुस्तक पश्चिमेकडून लॅटिनचा अंगरखा घालून आलं आणि दुसऱ्या वाटेनं इराणातून आलं. त्यामुळे फिरंगी वैद्य आणि निजामशाही हकीम एका खोलीत बसले तेव्हा वादाला विषय होता आणि वाद घालायला समान भूमीही होती. औषधींची अरबी नावं ओर्तानं अशा हकिमांकडून पारखून घेतली.

१५३४ मध्ये तो मार्तिम अफोन्सो द सोझा याच्या जहाजावरून गोव्याला आला. दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चची पाखंड-चौकशी, सुरू झालं. वेळेवर निघाला, असंच म्हणायचं. पुढे मुंबई बेट त्याला खंडानं मिळालं. राजानं जमीन द्यायची, घेणाऱ्यानं वर्षाचा खंड भरायचा, ही युरोपातल्या जमीनदारीची जुनी रीत अशी मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन पोचली. त्या बेटावरच्या त्याच्या वाड्याच्या जागी नंतर इंग्रजांचा किल्ला उठला. पण त्याची खरी कमाई म्हणजे १५६३ मध्ये गोव्यात छापलेलं औषधींवरचं संवादरूप पुस्तक. त्यात एक ओर्ता बोलतो आणि एक रुआनो नावाचा कल्पित स्पॅनिश वैद्य. रुआनो सारखा ग्रीक आचार्यांचे दाखले देतो, आणि ओर्ता म्हणतो, मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. एका ठिकाणी तो कबूलच करतो, की स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती.

त्यातलं पटकीचं प्रकरण मराठी माणसानं मुद्दाम पाहावं. या रोगाचं इथलं नाव तो ‘मोर्शी’ असं देतो. आपली आजीच्या तोंडची मोडशी! इथले वैद्य काय उपचार करतात, तेही त्या प्रकरणात येतं. त्यात मिरी-जिरं घातलेली भाताची पेज आहे. फिरंगी वैद्य ते टिपून घेतो. झाडपाला, फळं आणून दाखवायला त्याच्या घरची अंतोनिया नावाची दासी येते. तिच्याविषयी पुस्तक याहून फारसं काही सांगत नाही. ज्ञानाच्या या सुंदर बैठकीत ती फक्त आत-बाहेर करते, हेही वाचताना सोडून देऊ नये.

आता नगरकडे वळू. या पुस्तकात बुऱ्हाण निजामशाह ‘निझामोशा’ म्हणून भेटतो. हा बुऱ्हाण कोण? १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून स्वतंत्र झालेल्या आणि १४९४ च्या सुमाराला नगर वसवणाऱ्या मलिक अहमदचा मुलगा. आणि अहमदचा बाप मलिक हसन? इतिहासकार फिरिश्ता लिहितो, की हा पाथरीच्या ब्राह्मणाचा, भैरवाचा, मुलगा. लहानपणी विजयनगरच्या मोहिमेत पकडला गेला, मुसलमान केला गेला आणि बहमनी दरबारात वाढत वाढत निजाम-उल-मुल्क झाला. म्हणजे नगरच्या दरबारात जेव्हा ओर्ता निजामशाहाची नाडी धरून बसे, तेव्हा बाटलेल्याचा मुलगा बाटलेल्याच्या नातवाला औषध देत असे.

फरक इतकाच, की एकाला तो वारसा लपवावा लागत होता आणि दुसऱ्याला लपवायची गरजच नव्हती. फिरिश्ताच सांगतो, की पाथरीची ब्राह्मण भाऊबंद मंडळी नगरला आली, तेव्हा पाथरी आमच्या वाडवडिलांची, म्हणून बुऱ्हाणच्या दरबारानं ती वऱ्हाडच्या इमादशाहाकडे मागितली. त्यानं नकार दिला आणि त्यावरून लढाई झाली. पुढे ते गाव त्या ब्राह्मण नातलगांना इनाम मिळालं. टोलेडोच्या कुठल्या अधिकाऱ्यानं आपल्या यहुदी चुलत्यासाठी असं काही केलं असतं, तर तो दुसऱ्या दिवशी तुरुंगात दिसला असता.

दरबारात तिसरा एक माणूस होता, आणि त्याची गोष्ट तर ओर्तापेक्षाही गुंतागुंतीची. शाह ताहिर. इराणात सफवी बादशाह शाह इस्माईलच्या रोषाला घाबरून १५२० मध्ये पळाला आणि जहाजानं गोव्यालाच उतरला. तिथून दख्खनभर फिरत १५२२ मध्ये नगरला आला. तो निझारी इस्माइली पंथाच्या एका शाखेचा इमाम होता, पण उघडपणे बारा इमाम मानणारा शिया म्हणून वागला. बुऱ्हाणचा मुलगा अब्दुल कादर आजारी पडला, ताहिरच्या सांगण्यावरून सुलतानानं नवस केला, मुलगा बरा झाला आणि १५३७ मध्ये निजामशाही शिया झाली, अशी कथा आहे. शहरात आजही मोहरमच्या सवारीचं ठाणं असलेला बारा इमाम कोठला ताहिरसाठीच बांधलेला. तिथं त्याचा मदरसा होता. मोहरमला तिथं हिंदू-मुसलमान दोन्ही गर्दी करतात. त्या गर्दीत कितीजणांना शाह ताहिरचं नाव माहीत असेल, देव जाणे.

पोट आणि पंथ सांभाळायला मनातलं मनात ठेवणारी दोन माणसं, एक इराणी आणि एक पोर्तुगीज, एकाच सुलतानाच्या पदरी आदरानं वावरली. ओर्ताविषयीचा संशय निराधार नव्हता, हे त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच नातलगांच्या जबान्यांतून पुढे आलं. त्याची बहीण कातारीना हिला १५६९ मध्ये गोव्यात जिवंत जाळलं. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आलं होतं. नगरनं मात्र या दोघांना घरात काय प्रार्थना करता, असं विचारलं नाही.

याला सहिष्णुता म्हणून डोक्यावर घ्यायची मला घाई नाही. बुऱ्हाणनं शिया पंथ जाहीर करताच सुन्नी सरदार चिडून उठले, बंडाळी झाली. शिवाय सुलतानाला चांगला वैद्य हवा होता, चांगला मुत्सद्दी हवा होता. माणूस कामाचा आहे तोवर त्याच्या कुळाची झडती कोण घेतो? गरजेपोटी आलेली ही बेपर्वाई होती. पण एखाद्या पळून आलेल्या माणसाला अशा बेपर्वाईचा जेवढा आधार होतो, तेवढा मोठमोठ्या तत्त्वांचाही होत नाही, असं मला वाटतं.

आणि आपण फार ताठ होऊ नये, कारण वाडवडिलांचा डाग पोरांवर टाकण्याची कला आपल्यालाही येत होती. याच नगर जिल्ह्यातल्या नेवाश्याला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ती सांगणाऱ्या मुलाची मुंज नाकारली गेली होती, कारण बाप संन्यास सोडून संसारात परतला होता. परंपरा सांगते, भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला धर्मशास्त्र्यांच्या दारात उभं राहावं लागलं. पोप नववा ग्रेगरी यानं दक्षिण फ्रान्समधल्या पाखंड्यांच्या चौकशीसाठी खास चौकशीदार नेमले, ते १२३० च्या दशकात. तिकडे तुरुंग आणि अग्नी होता, इकडे वाळीत टाकणं. यातना वेगळ्या, पण दोन्हीकडे अपराध जन्माआधीच ठरलेला.

पाठ्यपुस्तकात युरोपचं मध्ययुग १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर किंवा १४९२ ला कोलंबस निघाल्यावर संपतं. त्यानंतर म्हणे पुनरुज्जीवन. मग १५८० मधली ती जळणारी हाडं कुठल्या युगात घालायची? छापखाना आला, समुद्र ओलांडले, गॅलेनवर शंका घेणारं पुस्तक छापून झालं, आणि ते लिहिणाऱ्याच्या सांगाड्यावर खटला चालला तो तेराव्या शतकातल्या यंत्रणेच्या वारसानं. ते पुस्तक मात्र १५६७ मध्येच वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियसनं लॅटिनमध्ये संक्षेपानं अँटवर्पला छापलं होतं. युरोपभर ते वाचलं गेलं.

नगरचंही पुढे फार भलं झालं नाही. दख्खनी आणि परदेशी हा भेद दरबारात आधीपासून होताच. १५८९ मध्ये त्याचं रूपांतर कत्तलीत झालं. परदेशी मुसलमानांना शोधून शोधून मारलं. लहानपणी बापाबरोबर नगरला आलेला, निजामशाहाच्या चाकरीत असलेला फिरिश्ता तेव्हा जीव वाचवून विजापूरला गेला, आणि बाटलेल्या भैरवपुत्राची कहाणी त्यानं तिथं बसून लिहिली. अकरा वर्षांनी, १६०० मध्ये, चांदबीबीचा खून झाला आणि नगरचा किल्ला मोगलांनी घेतला. या पडझडीला मोगलांच्या तोफा आणि सुरुंग कारण झालेच, पण माझ्या मते शहरानं माणसाचं मूळ विचारायला सुरुवात केली तेव्हाच ते आतून खचलं होतं.

ओर्ताच्या पुस्तकाचा क्लेमेंट्स मार्कहॅमनं केलेला इंग्रजी अनुवाद १९१३ पासून उपलब्ध आहे. नगर जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. नावावर पुष्कळ शाई खर्च झाली. त्यातली थोडी इकडे वळवून त्या पुस्तकातला निझामोशाचा, दख्खनचा आणि मोडशीचा भाग इथल्या एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकानं सटीप मराठीत आणावा. त्यात शाळेतल्या मुलांना युरोपचं मध्ययुग आणि नगरचा दरबार एकाच पानावर वाचायला मिळेल.