दान की देणे?

अंध माणसाचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून दिला की आपल्याला बरे वाटते. एक सत्कृत्य घडले, असे समाधान मिळते. पण त्याच्या वाटेत आपणच खड्डा खणून ठेवला असेल, तर त्याला त्या खड्ड्यापलीकडे नेणे याला उपकार म्हणायचे का? आज आपण एका अगदी लहान गोष्टीच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करू या. ती गोष्ट म्हणजे संकेतस्थळावरील चित्रामागची ओळ.

आपल्यापैकी अनेकांना ही ओळ ठाऊक नसेल, कारण डोळस माणसाला ती सहसा दिसत नाही. अंध व्यक्ती संगणक किंवा मोबाइल वापरते, तेव्हा स्क्रीन रीडर ही प्रणाली तिला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते. चित्र आले की मात्र ती अडते. चित्र टाकणाऱ्याने त्यामागे वर्णन लिहिले असेल, तर ते ऐकू येते. लिहिले नसेल, तर बहुधा 'चित्र' एवढा शब्द किंवा फाइलचे निरर्थक नाव कानी पडते. या वर्णनाला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजेच पर्यायी मजकूर, म्हणतात.

ऑस्ट्रेलियातील ब्रूस मॅग्वायर हे जन्मांध गृहस्थ संगणकावरील मजकूर ब्रेल ठिपक्यांत उमटवणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने वाचत. सन २००० च्या सिडनी ऑलिम्पिकचे संकेतस्थळ त्यांना नीट वाचता येईना. जून १९९९ मध्ये त्यांनी तेथील मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. चित्रांमागे वर्णन द्या, ही त्यांची एक मागणी होती. संयोजन समितीने खर्चाचे आणि वेळेचे कारण पुढे केले. या कामाला एका माणसाचे वर्षभर जाईल, असे सांगितले. आयोगाला ते पटले नाही. ऑगस्ट २००० मध्ये निकाल मॅग्वायर यांच्या बाजूने लागला. सुधारणा मुदतीत पूर्ण झाल्या नाहीत, म्हणून समितीला २०,००० डॉलर भरपाई द्यावी लागली.

या निकालात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. मॅग्वायर मदत मागत नव्हते. सर्वांसाठी उघडलेल्या दारातून आत जाण्याचा आपला वाटा ते मागत होते. दान द्यायचे की नाही, हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. देणे मात्र चुकते करावेच लागते. चित्र आपण टाकले, त्यामुळे पडलेला अडथळाही आपणच दूर करायला हवा. आपल्या देशातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यानेही इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सर्वांना सुलभ व्हावा यासाठी उपाय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

कोणी म्हणेल, आता यंत्रेच चित्रांचे वर्णन करतात, मग आपण कशाला लिहायचे? फेसबुकने २०१६ मध्ये अशी सोय सुरू केली आणि तेव्हापासून ही यंत्रे बरीच सुधारली आहेत. त्यांचा उपयोग जरूर आहे. पण समजा, दफनभूमीची भिंत पावसात कोसळली आणि दुरुस्तीसाठी मदत मागताना आपण तिचा फोटो टाकला. यंत्र सांगेल, 'दगड, झाडे, मोकळी जागा.' तो फोटो आपण का टाकला, हे आपल्यालाच ठाऊक असते. म्हणून आपण लिहावे, 'दफनभूमीची रस्त्याकडील भिंत कोसळली आहे, दगड वाटेवर पडले आहेत.'

येथे प्रामाणिकपणाचीही कसोटी लागते. दुसरा माणूस आपल्या डोळ्यांवर विसंबून असतो. 'हृदय पिळवटणारे दृश्य' असे लिहून त्याच्या वतीने आपण रडू नये. काय दिसते ते सांगावे, दुःख करायचे की नाही ते त्याला ठरवू द्यावे. निव्वळ शोभेसाठी फुलांची वेलबुट्टी टाकली असेल, तर वर्णनाची जागा मुद्दाम रिकामी ठेवावी, म्हणजे प्रणाली पुढे सरकते. नको तिथे बोलून कोणाचा वेळ न घेणे, हाही त्याचा मानच आहे.

आपण संकेतस्थळे चालवत नसू, पण सणाची पत्रके मोबाइलवरून एकमेकांना पाठवतोच. मिस्साची वेळ, नोव्हेनाचे दिवस, सारे त्या रंगीत चित्रात असते. ज्याला दिसत नाही, त्याच्या हाती अनेकदा नुसते 'फोटो' एवढेच येते. ज्या आजीआजोबांना बारीक अक्षर लागत नाही, त्यांचीही तीच गत होते. पुढचे पत्रक पाठवताना त्याखाली तारीख, वेळ आणि ठिकाण टाइप करू या. दोन मिनिटांचे काम आहे, आणि त्यासाठी कोणी आपले आभार मानावेत अशी अपेक्षाही नको.