विसावा कोणाचा?

आपल्यातील एखादे सधन कुटुंब आज रोमच्या यात्रेला जोडून टस्कनीच्या सुटीचाही बेत आखते. द्राक्षमळ्यांतील जुने दगडी घर आठवडाभर भाड्याने घ्यायचे. यात गैर काही नाही. विश्रांती ही देवाची देणगी आहे. परंतु ते घर मुळात कोणाचे, हेही आपण विचारावे.

तेथील कित्येक घरांत बटईने जमीन कसणारी कुटुंबे राहत. निम्मे पीक मालकाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती मोठ्या संख्येने शहरांकडे गेली; १९६४ च्या कायद्याने बटईचे नवे करार थांबले. ओस घरे डागडुजी होऊन पुढे पाहुण्यांची झाली.

बंद दारे आमच्या गेवराई तालुक्यालाही नवी नाहीत. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात आणि पाच-सहा महिने कोपीत काढतात. जोडप्याला म्हणतात 'कोयता'. माणसाला हत्याराचे नाव! खाडा झाला की पैसे कापले जातात. मग रविवार कसला?

शब्बाथाची आज्ञा देताना परमेश्वराने घरधन्याबरोबर चाकर, उपरा आणि बैल यांचाही विसावा सांगितला. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीचा आग्रह धरला. विसावा ही कोणा एकाची मिळकत नव्हे.

म्हणून प्रवासखर्चाच्या वहीत आपण आणखी एक ओळ लिहूया: आपल्या घरी, आपल्या शेतात राबणाऱ्याला भरपगारी सुटी किती दिवस? तो रकाना कोरा असेल, तर आपली सुटी आपण त्याच्या घामातून उचललेली आहे.