वाकणे आणि नमणे

देवदर्शनाचा पहिला विधी कोणता, असे कोणी विचारले तर बहुतेक जण घंटा, प्रदक्षिणा किंवा तीर्थ यांचे नाव घेतील. वस्तुतः पहिला विधी देवळाच्या बाहेरच उरकलेला असतो. आपण पायांतील वहाणा काढतो. रस्त्याची धूळ, बाजारातील चिंता आणि अंगी भिनलेली घाई ही सारी त्या वहाणांबरोबर पायरीशी ठेवून आत जावे, असा त्या लहानशा कृतीचा आशय आहे. ती इतकी सवयीची आहे की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. परंतु ज्यांचे गुडघे झिजले आहेत, ज्यांच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, कंपवाताने ज्यांची बोटे स्थिर राहत नाहीत, किंवा खाली वाकून वर उठताच ज्यांना भोवळ येते, त्यांना ती सोपी नाही. देवळाच्या पायऱ्या कठड्याला धरून चढता येतात; बुटाची नाडी कठडा धरून सोडता येत नाही. अशी कितीतरी वृद्ध माणसे हळूहळू देवळात येईनाशी होतात, आणि त्यांची भक्ती आटली असा समज आपण करून घेतो.

हल्ली न वाकता घालता आणि काढता येतील असे जोडे बाजारात आले आहेत. त्यांवर एक आक्षेप ऐकू येतो. देवाच्या दारी येऊनही ज्याला वाकणे नको, त्याने आत जाऊन काय साधावे? आक्षेप उपहासाने घेतला जात असला तरी तो उपहासाने सोडून देण्याजोगा नाही. शरीराची सोय वाढली म्हणजे मनाची नम्रता घटते काय, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

प्रथम परंपरेकडे पाहू. न वाकता घालायचे पादत्राण ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हेच. लाकडी खडावांना ना पट्टा असतो, ना नाडी. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्यामध्ये एक खुंटी धरली की माणूस चालू लागतो. बोटे सैल केली की पाय मोकळा होतो. हाताचा त्यात संबंधच येत नाही. कोल्हापुरी चपलेचीही रीत तीच. अंगठ्याभोवतीचे कडे आणि पायावरचा पट्टा यांत पाय सरकवला की झाले. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील चार जिल्ह्यांचाही त्यात समावेश झाला. त्यांत आपला बेळगाव जिल्हा आहे, आणि आपल्याच जिल्ह्यातील अथणीच्या कारागिरांचे कसब त्यामागे आहे. नाडीचा बूट आपल्या पायांत आला तो पुष्कळ नंतर. तेव्हा वहाणेसाठी वाकणे हा काही सनातन आचार नव्हे. उलट, भरताने श्रीरामांच्या पादुका मस्तकी धरल्या आणि नंदिग्रामी राहून त्यांच्या नावाने राज्य चालविले. आजही आषाढी वारीत आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या आणि देहूहून तुकाराम महाराजांच्या पादुका पालखीतून पंढरीला जातात. खडावा घालताना कोणाला वाकावे लागत नव्हते. पादुकांपुढे मात्र सारा महाराष्ट्र वाकतो. वाकण्याची जागा कोणती, हे यावरून उमगावे.

आता नव्या जोड्यांची करणी पाहू. कोणत्याही पादत्राणाची अडचण अशी की जे सहज निघते ते सहज निसटतेही. सैल सपाता घालून वृद्ध माणूस ओल्या फरशीवर घसरतो. मधुमेहाने ज्यांच्या तळपायाची जाणीव गेली आहे, त्यांच्या पायातून चप्पल सुटली तरी त्यांना कळत नाही. म्हणून पाय आत जाताना वाट द्यावी आणि आत गेल्यावर टाच घट्ट धरावी, ही दोन्ही कामे जोड्याने करावयास हवीत. काही जोड्यांत टाचेमागचा भाग लवचिक असतो. पायाच्या भाराने तो खाली दबतो आणि पाय आत बसताच पूर्ववत उभा राहतो. २०२१ साली नायकी कंपनीने आणलेल्या एका जोड्याचा तळच मध्ये बिजागरीने जोडलेला आहे, आणि एक ताणलेला पट्टा त्याला उघड्या किंवा मिटलेल्या स्थितीत धरून ठेवतो. काढताना दुसऱ्या पायाने टाच दाबली की पुरे.

या साऱ्या खटाटोपामागे एका मुलाचे पत्र आहे. अमेरिकेतील मॅथ्यू वॉल्झर या सोळा वर्षांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी हा विकार होता. त्याला आपले कपडे आपण घालता येत. बुटाची नाडी तेवढी बांधता येत नसे. शिक्षणासाठी घराबाहेर राहावयाचे तर रोज सकाळी नाडी बांधावयास कोण येणार, या चिंतेने त्याने २०१२ साली त्या कंपनीला उघडे पत्र लिहिले. २०१५ साली त्याच्यासारख्यांना उपयोगी पडेल असा जोडा निघाला. त्या मुलाने मागितली ती चैन नव्हती. स्वतःच्या पायांवर उभे राहणे, हा जो वाक्प्रचार आपण सहज वापरतो, तोच त्याने अक्षरशः मागितला होता.

आता मूळ प्रश्न. मराठीत वाकणे आणि नमणे हे दोन शब्द आहेत, आणि दोन शब्द असण्याला कारण आहे. ओझ्याने हमालाची पाठ वाकते, वयाने कंबर वाकते, भीतीने दुबळा वाकतो. यांपैकी कोणीही नमलेला नसतो. नमणे हे स्वेच्छेचे आहे. ज्याला ताठ उभे राहता येते आणि तरीही जो मान लववितो, तो नमतो. लाचारीने घडलेल्या वाकण्याची नोंद भक्तीच्या खात्यात करणे हा हिशेबच चुकीचा आहे.

तथापि आक्षेप घेणाऱ्यांच्या म्हणण्यात एक सत्य आहे आणि ते मान्य करावयास हवे. शरीराला लागलेले वळण मनाला लागते. रोज साष्टांग घालणाऱ्याच्या अहंकाराला रोज थोडा धक्का बसतो. ज्याने कधी पाठ लवविली नाही, त्याचे मनही ताठर होण्याचा संभव असतो. म्हणून धडधाकट माणसाने केवळ आळसापायी वाकण्याचा प्रत्येक प्रसंग टाळावा, हे आम्हांस इष्ट वाटत नाही. दोष जोड्याचा नाही. प्रश्न हा की जोडा घालणाऱ्याच्या मनात अशक्तता आहे की तुच्छता.

तुच्छतेचा उल्लेख आम्ही जाणूनबुजून करीत आहोत. वहाणेला हात लावू नये, लागल्यास धुवावा, हा आचार स्वच्छतेपुरता ठीक होता. पण तो तेथे थांबला नाही. वहाणेला हात लागतो म्हणून वहाण शिवणाराच आपण दूर ठेवला. त्याने केलेला जोडा देवळाच्या पायरीपर्यंत येई. त्याला स्वतःला त्यापलीकडे मज्जाव असे. पंढरपुरास चोखोबांची समाधी देवळाच्या आत नाही, महाद्वाराबाहेर नामदेव पायरीसमोर आहे. आणि ते महाद्वार अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. न वाकता घालायच्या जोड्याबरोबर ‘वहाणेला हात कोणी लावावा’ ही जुनी घृणा नव्या रूपाने परत येणार असेल, तर तो जोडा कितीही सुखाचा असला तरी महाग पडला.

याच्या उलट, शीख बांधवांच्या गुरुद्वारात जोडाघर असते. तेथे चांगले प्रतिष्ठित लोक येणाऱ्याजाणाऱ्यांचे जोडे हातांनी उचलून ठेवतात, पुसतात आणि ही सेवा मिळाली म्हणून धन्यता मानतात. आपल्या नामदेवांची पदे ज्यांच्या ग्रंथसाहेबात आहेत, त्यांच्याकडून हे शिकण्यात आपणांस संकोच नसावा. नामदेवांनी तर भक्तांची पायधूळ लागावी म्हणून पायरीची जागा मागितली. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात अतिथींचे पाय धुण्याचे काम श्रीकृष्णाने स्वतःकडे घेतले होते. पायाशी वाकण्यात हीनता असती तर ही उदाहरणे आपल्या पुराणांत आणि संतचरित्रांत टिकली नसती.

कोणी म्हणेल, मग वृद्धांना नव्या जोड्याची गरज काय? मुलगा किंवा सून वाकून वहाण काढील आणि सेवा घडेल. सेवा जरूर घडावी. पण सेवा घेणाऱ्याच्या मनाचाही विचार हवा. रोज सकाळी पाय पुढे करून कोणाची तरी वाट पाहणे, आणि त्याची घाई डोळ्यांनी पाहणे, याने मानी माणूस आतून खचतो. ‘आज नको, उद्या जाऊ’ असे म्हणत त्याचे देऊळ सुटते. जे त्याला स्वतः करता येईल ते करू देणे हीदेखील सेवाच आहे. मात्र उलट बाजूचा इशाराही आम्ही देऊन ठेवतो. वडिलांना उत्तम जोडा आणून दिला, आता त्यांच्याबरोबर जाण्याचे कारण उरले नाही, असे ज्या घरात ठरेल त्या घरात सोय झाली आणि सोबत गेली. वृद्धाला हाताची गरज उरली नाही तरी सोबतीची उरतेच.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. २०२१ सालचा तो बिजागरीचा जोडा आला तेव्हा थोडेच नग निघाले, आणि सशक्त हौशी लोकांनी ते घेऊन दामदुपटीने विकले. ज्यांना खरोखर वाकता येत नव्हते अशा कितीकांच्या पायांत तो पोहोचला नाही, म्हणून त्यांनी गाऱ्हाणे मांडले. दुबळ्याची गरज हीच सबळाची हौस झाली की असे होते. देवळाच्या दारातील एकुलत्या बाकावर तरुण मंडळी गप्पा मारीत बसतात आणि काठी टेकणारी आजी उभ्याने वहाण सोडण्याची खटपट करते, तेव्हा तोच अन्याय लहान प्रमाणात घडत असतो.

यावरून आमचे मत असे झाले आहे. ज्याला वाकता येत नाही त्याला न वाकण्याची सोय निःसंकोच लाभावी, आणि ज्याला वाकता येते त्याने स्वतःचे वाकणे दुसऱ्याच्या वहाणेसाठी राखून ठेवावे. आपल्या देवालयाच्या दारात हे घडविण्यास फार खर्च नाही. टेकायला पाठ असलेला, उठताना धरायला हात असलेला उंच बाक. शेजारी लांब दांड्याची, बूट चढवावयाची एक पट्टी. आणि उत्सवाच्या दिवशी पाळीपाळीने वहाणा सांभाळणारे चार तरुण, एवढे पुरे. तो बाक कोणासाठी आहे हे पाटी लावून सांगण्याची वेळ मात्र येऊ नये.

गाभाऱ्यात प्रत्येकाने आपापल्या शक्तीप्रमाणे नमावे. कोणी साष्टांग घालील, कोणी उभ्यानेच हात जोडील. कोणाची पाठ किती लवली, हे मोजण्याचे काम आपले नाही.