चुकांची वही

टोकियोतल्या जिम्बोचो भागात जुन्या पुस्तकांच्या दुकानांची रांगच्या रांग आहे. त्यातल्या एका दुकानाच्या मालकीणबाई पूर्वी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत, म्हणून गिऱ्हाइकंही त्यांना 'सेन्सेई'च म्हणत. शाळा सुटली की एक मुलगा तिथे हजर. विज्ञानकथांच्या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायच्या आणि त्यांतल्या चुका वहीत टिपायच्या, हा त्याचा नाद. वही भरत आली होती आणि स्वारी स्वतःवर भलतीच खूश होती.

त्या दिवशी हातात होती माकोतो युकिमुरा यांची 'प्लॅनेटेस'. १९९९ साली सुरू झालेल्या या मांगाचे नायक म्हणजे अंतराळातले सफाई कामगार. निकामी उपग्रहांचे तुकडे, सुटे स्क्रू, असला कचरा ते गोळा करतात.

"सेन्सेई, लेखक सपशेल आपटलाय! सुरुवातीला एक स्क्रू प्रवासी यानाच्या खिडकीवर आदळतो आणि माणसं मरतात. पुढे हेच लोक तसला कचरा हाताने उचलतात! ताशी २८,००० किलोमीटरने जाणारी वस्तू? हात राहील का जागेवर?"

"वहीत लिहिलंस?"

"पेनाने."

"बरं. आता कांदा स्टेशनवरून यामानोते लाइनने शिनागावापर्यंत जाऊन ये. खिडकीशी उभा राहा. फोन खिशात."

मुलगा कुरकुरत गेला. त्या पट्ट्यात यामानोते आणि केइहिन-तोहोकु या दोन लाइनी शेजारीशेजारी धावतात. थोड्या वेळाने बाजूच्या रुळांवर निळ्या पट्ट्याची गाडी आली आणि दोन्ही गाड्या बरोबरीने पळू लागल्या. समोरच्या डब्यात एक आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर सरकवला, पान उलटलं, सगळं दिसलं. मोठा मथळाही वाचता आला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने उलट दिशेची गाडी सुसाट निघून गेली. तिच्यातलं एक माणूस धड दिसलं नाही.

परतला तो धावतच. "कळलं! यान आधी कचऱ्याच्या कक्षेत शिरतं, त्याचा वेग गाठतं. मग दोघं एकमेकांना जवळजवळ स्थिर. तोच स्क्रू आडव्या कक्षेतून आला तर बंदुकीची गोळी!" त्याने वहीतली ओळ खोडली.

सेन्सेईंनी मागचं पान उलटलं. "आणि हे? 'चंद्रावरची १२ वर्षांची मुलगी मोठ्या बाईएवढी उंच. चूक.' अरे, ती जन्मलीच चंद्रावर. तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या साधारण एक षष्ठांश. पुढचं पान वाचलं होतंस का?"

"घाईत होतो. मग हेही खोडू?"

"अंहं. चंद्रावर अजून एकही मूल जन्मलेलं नाही. खरंच इतकी उंची वाढेल का, कुणी सांगावं? 'चूक' एवढंच खोड, तिथे 'शंका' लिही."

त्याने लिहिलं. पण गडी हार मानणारा नव्हता. "तरी सेन्सेई, एवढ्याशा स्क्रूने यानाची खिडकी जाईल? हे जरा अतीच नाही?"

"१९८३ साली चॅलेंजर यानाच्या खिडकीला अंतराळात खड्डा पडला. यान उतरल्यावर काच बदलावी लागली. आदळली होती रंगाची कपची, एक मिलिमीटरहूनही लहान."