भरून देणारा देव

वाचन : निर्गम २२:१-४, योएल २:१२-२७, इफिसकरांस पत्र ४:२५-३२



सायकल ही काही मोठी संपत्ती नव्हे. ज्यांचे पीक वाहून गेले, ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांच्यापुढे सायकलच्या चोरीची हकिकत सांगताना संकोच वाटतो. तरीही ती सांगतो. कारण त्या लहानशा चोरीच्या निमित्ताने माझ्या हातून चोरीहून मोठे पाप घडले, आणि त्यातून प्रभूने मला ज्या वाटेने बाहेर काढले ती वाट पवित्र शास्त्रात फार पूर्वीच आखलेली आहे.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर रक्तातील साखर वाढली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पुन्हा सायकलवर बसलो. माझ्या बालपणी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, त्यामुळे नव्याने काही शिकावे लागले नाही. पहाटे सिंहगड रस्त्याने खडकवासला धरणापर्यंत जावे, पाण्याकडे पाहत दहा मिनिटे थांबावे आणि परतावे, असा क्रम सहा वर्षे चालला. भाषांतरात अडलेला एखादा शब्द मी रोज बरोबर घेऊन निघत असे. मेजापाशी न सुटलेले कितीतरी शब्द त्या रस्त्यावर सुटले. सायकल ही माझी प्रार्थनेची खोली झाली होती, असे म्हटले तरी चालेल.

२०२२ सालच्या उपवासकाळात एका सोमवारी पहाटे मी खाली उतरलो, तो जिन्याखाली कापलेली साखळी तेवढी पडलेली होती. पोलिस ठाण्यातील अंमलदाराने सौजन्याने तक्रार लिहून घेतली आणि फ्रेमचा क्रमांक विचारला. तो बहुधा पेडलच्या आसाखाली कोरलेला असतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. सहा वर्षे जिला मी आपली म्हणत होतो, तिचा क्रमांक मी कधी वाचलाच नव्हता.

घरी परतताना मन एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले : कोण? आमच्या आवारात पहाटे पाच वाजता मोटारी धुण्यासाठी सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा येत असे. मी वॉचमनला म्हणालो, "पहाटे आवारात तोच तर असतो." दोघा-तिघा शेजाऱ्यांनाही तेवढेच म्हणालो. त्याला चोर असे मी म्हटले नाही. तशी गरजच पडली नाही. पंधरवड्याच्या आत चार घरांनी त्याला, "उद्यापासून येऊ नकोस," असे सांगून टाकले.

तीन आठवड्यांनी शेजारच्या इमारतीतून आणखी दोन सायकली गेल्या, तेव्हा समोरच्या दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण तपासण्यात आले. माझी सायकल रात्री दोनच्या सुमारास दोन प्रौढ माणसांनी टेंपोत चढवली होती. त्यांचे चेहरे ओळखू येत नव्हते. पण त्या दोघांत तो मुलगा नव्हता, एवढे निर्विवाद होते.

चोराने आठवी आज्ञा मोडली होती, मी नववी.

दहा आज्ञा आपल्याला दोन ठिकाणी दिलेल्या आढळतात : निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आणि अनुवादाच्या पाचव्या अध्यायात. मराठी वाचकाला नववी आज्ञा दोन्हीकडे सारखीच वाटते. परंतु मूळ इब्रीत एका शब्दाचा फरक आहे. निर्गमात 'एद शेकेर', म्हणजे असत्य सांगणारा साक्षीदार, असा प्रयोग आहे. अनुवादात त्याऐवजी 'एद शाव' असा प्रयोग येतो. 'शाव' म्हणजे पोकळ, निराधार, व्यर्थ. परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये असे सांगणाऱ्या तिसऱ्या आज्ञेतही हाच शब्द आहे. हा फरक मला ठाऊक होता. त्याविषयी मी टिपणही लिहिले होते. तो माझ्याविषयी लिहिलेला आहे, हे मात्र ठाऊक नव्हते. मुलगा पहाटे आवारात असे, हे वाक्य शब्दशः खरे होते, आणि तरीही माझी साक्ष पोकळ होती. कारण मी वाक्य सांगितले ते त्याच्या अर्थासाठी नव्हे, ऐकणाऱ्याच्या मनात जे उगवेल त्यासाठी.

इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' हा १९४८ सालचा चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. युद्धानंतरच्या रोम शहरात भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम एका गरीब माणसाला मिळते. पण त्यासाठी सायकल हवी. गहाण पडलेली सायकल सोडवण्यासाठी पत्नी घरातल्या चादरी गहाण ठेवते, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती सायकल चोरीस जाते. लहान मुलाचा हात धरून दिवसभर तिचा शोध घेणारा हा बाप शेवटी हताश होऊन स्वतःच दुसऱ्याची सायकल पळवतो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत पकडला जातो. नुकसान माणसाला आपोआप पवित्र करीत नाही, हे त्या कथेत फार करुणेने दाखवले आहे. लुटला गेलेला माणूस दुसऱ्या कुणाला लुटण्याच्या अगदी जवळ उभा असतो. त्या बापाची उपजीविका बुडाली होती. माझा तर केवळ व्यायाम बुडाला होता. त्याच्याइतकेही निमित्त मजजवळ नव्हते.

मग अशा वेळी करावे काय? निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातील नियम येथे मार्गदर्शक आहे. चोरलेले जनावर जिवंत सापडले तर चोराने दुप्पट द्यावे. कापले किंवा विकले असेल तर मेंढराबद्दल चार आणि बैलाबद्दल पाच. या नियमाचे मन शिक्षेपेक्षा भरपाईकडे आहे. ज्याचे गेले त्याचे भरून आले पाहिजे, ही त्याची पहिली चिंता आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३व्या कलमातही याचा पुसटसा पडसाद उमटलेला दिसतो. चोरीची वस्तू पाच हजार रुपयांहून कमी किमतीची असेल, अपराध्यावर दोष प्रथमच सिद्ध झाला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा द्यावी, अशी तरतूद तेथे आहे. जक्कयाने प्रभूसमोर उभे राहून चौपट परत करण्याचा शब्द दिला, तेव्हा तो याच जुन्या नियमाच्या भाषेत बोलत होता.

परंतु एखाद्याचे नाव चोरले असेल तर त्याची चौपट कशी करावी? गणनेच्या पाचव्या अध्यायात दोषी माणसाला तीन गोष्टी सांगितल्या आहेत : पाप कबूल करावे, जे घेतले ते पूर्ण परत करावे, आणि वर पाचवा हिस्सा घालून ज्याचा अपराध केला त्याच्या हाती द्यावे. त्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन होते. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याविषयीची प्रभूची शिकवण मला शनिवारी दिवसभर स्वस्थ बसू देईना. संध्याकाळी पत्नीला बरोबर घेऊन मी त्या मुलाचे घर शोधत गेलो. त्याच्या आईने चहा केला. मी सगळे सांगितले आणि क्षमा मागितली. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, हे इथं सांगून काय होणार? सोसायटीत सांगा."

शास्त्र न शिकलेल्या त्या मुलाने मला पाचवा हिस्सा कोणता ते दाखवून दिले. घरात, खासगीत क्षमा मागणे मला जमले होते. चारचौघांत मागणे हे वरचे देणे होते. पुढच्याच सभेत मी उभा राहिलो आणि माझ्या बोलण्यामुळे एका निरपराध मुलाची कामे गेली, हे सर्वांसमक्ष सांगितले. चारपैकी दोन घरांनी त्याला परत बोलावले. उरलेल्या दोघांनी तोवर दुसरा माणूस ठेवला होता. पश्चात्ताप खरा असला तरी झालेले सगळेच पुसले जात नाही, हेही मला पाहावे लागले.

यानंतर तीन वर्षे मी सायकल घेतली नाही. पुन्हा चोरीला जाईल अशी भीती होती, हे एक कारण. दुसरे कारण मी पत्नीलाही सांगितले नव्हते. पहाटेचा तो आनंद आता आपल्याला शोभत नाही, अशी शिक्षा मी स्वतःलाच दिली होती. या कोंडीत असताना योएलाचे पुस्तक माझ्या कामापुढे आले. टोळांनी देश फस्त केला आहे; दुसऱ्या अध्यायाच्या मध्यावर लोक मनापासून परमेश्वराकडे वळतात; आणि मग टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई करण्याचे अभिवचन परमेश्वर देतो. तेथील इब्री क्रियापद 'शिल्लेम' हे आहे. निर्गमात चोराने जे करायचे, त्यासाठीही नेमके हेच क्रियापद आहे. 'शालोम' म्हणजे शांती, हा शब्दही त्याच धातूपासून येतो. देवाने कुणाचे काही चोरले नव्हते. टोळांना तो आपलेच सैन्य म्हणतो, हे खरे. पण ते सैन्य लोकांच्या पापामुळे आले होते. असे असता, ज्याच्याकडे काही देणे निघत नाही तो सर्वसमर्थ देव देणेकऱ्याचे क्रियापद आपल्या मुखी घेतो आणि म्हणतो की भरून मी देईन. पेन हाती धरून मी बराच वेळ त्या एका शब्दापाशी थांबलो. कालवरीवर दोन लुटारूंच्या मधोमध टांगलेल्या प्रभूने हेच देणे चुकते केले, हे मी कितीदा उपदेशात सांगितले होते! आणि तरीही मी माझी शिक्षा वेगळी मोजत बसलो होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गेलेली वर्षे उलटी येत नाहीत. योएल जुन्या धान्याविषयी बोलत नाही. नव्या पावसाविषयी आणि नव्याने भरलेल्या खळ्यांविषयी बोलतो. देवाची भरपाई पुष्कळदा नव्या रूपाने येते आणि ती घेण्यासाठी हात उघडावा लागतो.

गेल्या पावसाळ्यानंतर मी नवी सायकल घेतली. ही रोड बाइक आहे : वजनाला हलकी, टायर अंगठ्याएवढे अरुंद, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले. पहिल्या रात्री ती तिसऱ्या मजल्यावर, पलंगाशेजारी ठेवली आणि तरीही दोनदा उठून पाहिली. तेव्हा मत्तयाच्या सहाव्या अध्यायाची आठवण होऊन मला हसू आले. तेथील ग्रीक शब्दाप्रमाणे चोर भिंत खणून आत शिरतो; आपण ज्याला घरफोडी म्हणतो तेच ते. चोरीला जाऊ शकेल असे काहीच वापरू नका, असे प्रभू तेथे सांगत नाही. तेथे आपले अंतःकरण ठेवू नका, असे सांगतो. फ्रेमचा क्रमांक मी वहीत लिहिला, कुलूप चांगले घेतले आणि तिसऱ्या रात्रीपासून झोपलो.

पहिल्या पहाटे खाली उतरलो तेव्हा तोच मुलगा एक मोटार धूत होता. आता तो वीस वर्षांचा आहे. त्याने हात पुसले, मागचे चाक अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाला, "काका, हवा कमी आहे. या बारीक टायरला जास्त लागते." पंप आणायला मी पुन्हा वर गेलो. धरणावर पोहोचलो तेव्हा ऊन वर आले होते, गुडघे दुखत होते, आणि पाणी पूर्वीइतकेच शांत होते.

प्रियजनहो, इफिसकरांस लिहिताना पौल चोराला उद्देशून जे सांगतो, ते रस्त्यावरच्या अनोळखी चोराला नव्हे. मंडळीत बसून ते पत्र ऐकणाऱ्याला सांगतो. चोरी सोडावी, हातांनी काम करावे आणि गरजवंताला द्यावे, असे तो म्हणतो. त्याच परिच्छेदात तीन वचने आधी असत्य सोडून शेजाऱ्याशी खरे बोलण्याची आज्ञा आहे. चोर आणि खोटा साक्षीदार एकाच बाकावर बसलेले आहेत, आणि दोघांनाही नवा मनुष्य धारण करण्याचे एकच पाचारण आहे. टेंपोतल्या त्या दोघांसाठी आता मी प्रार्थना करू शकतो, ते या एका बाकामुळे.

आपलेही काही चोरीला गेले असेल : वस्तू, नोकरी, विश्वास, वर्षे. त्याची भरपाई देवाकडे अवश्य मागा. परंतु मागताना एकदा मागे वळून पाहा. आपल्या दुःखाच्या भरात आपण कुणाचे काही नेले आहे काय? नेले असेल, तर आजच उठून त्याचे घर शोधा.

प्रार्थना : हे भरून देणाऱ्या पित्या, जे आमच्याकडून गेले ते तुझ्या हाती सोपवतो, जे आम्ही इतरांचे घेतले ते परत करण्याचे धैर्य दे. ज्यांनी आमचे चोरले त्यांना तुझ्या मेजाशी आण आणि तेथे आम्हांलाही त्यांच्याजवळ बसव. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.