दिलेली टोपी कोणाची?

मार्गशीर्ष पौर्णिमेला सांजवेळी पाळणा हलतो, सुंठवड्याची पुडी हातात पडते आणि मंडपाबाहेर आलं की कळतं, थंडी खरोखर आली. दत्तजयंती आणि कडाका आम्हा नाशिककरांच्या मनात जोडीनेच राहतात. त्या दिवसांत निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या येतात आणि पहाटे काकडआरतीला निघालेल्यांना गोदाघाटावर, रामकुंडाच्या आसपास, पोतं अंगावर ओढून निजलेली माणसं दिसतात. आपण शालीचा पदर घट्ट करतो आणि पुढे जातो.

ज्याचा जन्म आपण साजरा करतो तो दत्तप्रभू काही एका जागी राहणारा नव्हे. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापुरात, निद्रा माहूरगडावर, असा त्याचा रोजचा फेरा परंपरा सांगते. काखेत झोळी, पायाशी कुत्री, पाठीशी गाय. अशा दैवताच्या भक्तांना बिनघराच्या माणसाचं वावडं असू नये. पण संसारी माणूस आहे, त्याला दार-कडी-कुलपाची सवय असते. दान करतानासुद्धा ती सवय सुटत नाही. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आमच्या गुरुवारच्या भजनी मंडळातल्या आम्ही सात-आठ जणी काही वर्षांपासून श्रावण संपला की सुया बाहेर काढतो. कानटोप्या, मफलर, मोजे विणतो, दोघी क्रोशावाल्या आहेत त्या बायकांसाठी खांद्यावर घ्यायच्या छोट्या शाली करतात. दत्तजयंतीच्या आधीच्या गुरुवारी सगळं महापालिकेच्या बेघर निवारा केंद्रात पोचवतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो वगैरे भानगड ठेवलेली नाही. तरीही एका फेब्रुवारीत आमच्यात चांगलंच भांडण झालं.

झालं असं, की आमच्यातल्या एका वहिनींना गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात, जुन्या कपड्यांच्या ढिगात, स्वतःच्या हातची टोपी दिसली. काठाला दोन सुलट दोन उलट, वर गोफाची वीण. विणणारीला आपले टाके ओळखू येतात, अक्षर ओळखू यावं तसे. वीस रुपये देऊन त्यांनी ती विकत घेतली आणि गुरुवारी भजन संपल्यावर सतरंजीच्या मधोमध ठेवली. “डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं असताना केली होती मी ही,” एवढंच म्हणाल्या.

मग जी ती बोलायला लागली. दारू प्यायला विकली असेल. कदरच नसते. एकीने तर गीताच काढली: दान द्यायचं ते देश, काल आणि पात्र बघून. पुढच्या वर्षी पात्र बघितल्याशिवाय द्यायचं नाही.

सतराव्या अध्यायात ते आहे खरं. पण त्याच अध्यायात दोन श्लोक पुढे असंही आहे की जे दान मान न राखता, तुच्छ लेखून दिलं जातं ते तामस. घेणाऱ्याची परीक्षा आपण उत्साहाने घेतो, देणाऱ्याची परीक्षा त्याच पानावर छापलेली असते तिच्यावरून बोट सरकवतो. आणि मला नेहमी वाटतं, पात्र म्हणजे भांडंसुद्धा. भांड्याचं तोंड किती, खोली किती हे बघूनच ओतायला हवं. म्हणून वहिनींच्या टोपीचं नक्की काय झालं असेल ते विचारायला मी केंद्रावर गेले. कोणी विकली ते विचारायचं नव्हतं. टोपी विकावी असं माणसाला का वाटतं, ते समजून घ्यायचं होतं.

केंद्र सांभाळणारे दादा हसले. म्हणाले, “काकू, फेब्रुवारी संपत आला ना? आता ती ठेवायची कुठं? त्याला कपाट कुठंय?”

हे एक वाक्य माझ्या डोक्यात फार दिवस राहिलं. हाताने केलेली वस्तू जपून ठेवावी, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून पुढच्या हिवाळ्यासाठी राखावी, ही आपली नीती कपाटवाल्या माणसाची नीती आहे. ज्याचं सगळं जग एका पिशवीत मावतं आणि ती पिशवी उशाशी घेऊन झोपावी लागते, त्याला उन्हाळ्यात लोकरीची टोपी म्हणजे ओझं. त्याने ती विकली, वीस रुपयांतले काही त्याला मिळाले, एक वेळचा चहा-पाव झाला. दारूच झाली असेल, असं धरून चाला हवं तर. डिसेंबर-जानेवारी हे दोन महिने टोपीने आपलं काम केलेलं होतं.

केंद्रात राहतात कोण, याचीही आपली कल्पना जरा चुकीची असते. भिकारी म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांच्यापेक्षा कष्टकरी तिथे जास्त दिसतात. लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी म्हणून जाणारे, नाक्यावर मजुरीसाठी उभे राहणारे, हमाल, भंगार वेचणारे. मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारेही आहेत, त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर अंक पुरायचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले गेले. त्याच्या आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा असं सांगितलं होतं, आणि २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी तरतूद झाली. त्या नियमांत माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली आहे. आपल्या देवघराला लागून असलेली छोटी खोली याहून मोठी असते. गाडगेबाबांनी हे सगळं सरकारच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. नागड्यांना वस्त्र आणि बेघरांना आसरा ही दोन्ही कामं त्यांच्या उपदेशात येतात. त्यांनी कीर्तनातून उभ्या राहिलेल्या पैशात धर्मशाळा बांधल्या. २० डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी असते, म्हणजे दत्तजयंतीच्याच हवेत.

दादांनी त्या दिवशी बरंच सांगितलं. गडद रंग घ्या, पांढरा-गुलाबी नको, मळतो. सगळ्यांना एकाच रंगाच्या टोप्या नकोत, कारण सकाळी नाक्यावर दहा जण एकसारख्या टोप्या घालून उभे राहिले की मुकादमाला लगेच कळतं हे कुठून आले, आणि मग मजुरी पाडून देतो. गोंडा नको. एक गडी म्हणाला होता, गोंड्याने मी बालवाडीतला दिसतो. केंद्रात राहणाऱ्यांसाठी ॲक्रिलिक बरं, बादलीत धुता येतं, लवकर वाळतं. घाटावर शेकोटीशी झोपणाऱ्यांना मात्र ते देताना विचार करा, ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं, त्यांना खरी लोकर द्या. ती महाग पडते आणि गरम पाण्यात आटते. प्रत्येक टोपीला शंभर टाके आणि दोन संध्याकाळी लागतात, पण ती कोणासाठी हे विचारायला पाच मिनिटंही आपण देत नाही असं त्यांना म्हणायचं असावं. तोंडाने म्हणाले नाहीत.

इथे कोणीही विचारेल, आणि आमच्या घरातल्यांनी विचारलंच, की एवढा खटाटोप कशाला? लुधियानाची तयार टोपी दीडशे रुपयांत मिळते, थंडीत तिबेटी स्वेटरवाले येतात त्यांच्याकडून ठोक घ्या आणि वाटा. खरं आहे. थंडी टोपी हाताची की यंत्राची ते बघत नाही. नुसती थंडी घालवायची असेल तर पैसे गोळा करून ब्लँकेटं घेणं जास्त शहाणपणाचं, आणि आम्ही आता निम्मं तेच करतो. हातच्या विणकामाची बाजू मी एवढ्यावरच घेईन की हाताने करायचं म्हटलं तर डोक्याचा घेर विचारावा लागतो. माप विचारायला बसलं की माणूस बोलतो. यंत्राची टोपी घेऊन गेलं तर रांग लागते. तसं बसून विचारत नसू, तर हातचं विणकाम हे आपलंच करमणुकीचं साधन, त्याला सेवा कशाला म्हणा.

अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत कोळी आहे. आपल्यातूनच धागा काढतो, जाळं विणतो आणि पुन्हा गिळून टाकतो. भागवतात हा दृष्टांत परमेश्वराच्या सृष्टीसाठी आहे. तो धागा आत ओढून घेणं त्यालाच शोभतं. आपण एकदा दिलेला धागा पुन्हा गिळायला जातो तेव्हा वहिनींसारखी वीस रुपये मोजायची पाळी येते. त्याच चोवीसांत कुरर पक्षी आहे. चोचीत मांस होतं तोवर दुसरे पक्षी त्याला टोचत होते, त्याने ते टाकलं आणि सुखी झाला. होमात आहुती टाकताना यजमान ‘न मम’ म्हणतो. तूप अग्नीत पडल्यावर त्याचं काय झालं याची चौकशी कोणी करत नाही. चौकशी करायची ती आधी, तूप शुद्ध आहे का, समिधा कोरड्या आहेत का. अनसूयामातेकडे तिघे देव अतिथी होऊन आले तेव्हा अट घातली ती मागणाऱ्यांनी. घालणाऱ्या हातांनी एकही अट घातली नाही.

हे मी मंडळात बोलले. वहिनींना पटलं असं म्हणवत नाही. पण त्यांनी त्या वर्षी पुन्हा विणलं, गोफाची वीण मात्र घातली नाही. “साधीच बरी,” म्हणाल्या. ओळखू येऊ नये म्हणून, हे मी समजले.

एवढ्यावर हा प्रश्न मिटला असता. पण गेल्या वर्षी केंद्राच्या बायकांच्या बाजूला एक साठीच्या बाई भेटल्या. मी डोक्याचं माप घ्यायला लागले तर म्हणाल्या, “मला टोपी नको, लोकर द्या.” त्यांना विणकाम येत होतं, आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं. केंद्रात पोलादी सुया ठेवू देत नाहीत, म्हणून प्लॅस्टिकची क्रोशाची सुई आणि तीन गुंडे दिले. महिन्याने गेले तर त्यांनी गोल आसन करून ठेवलं होतं, भगव्या लोकरीचं, मधून खांब आणि कडेने साखळीची पानं. “तुमच्या दत्ताच्या पादुकांखाली घालायला,” म्हणाल्या. पैसे विचारले तर रागावल्या.

ते आसन घेऊन मी आमच्या भागातल्या मंदिरात गेले. आणि तिथे जे झालं ते वहिनींच्या टोपीपेक्षा मला जड गेलं. कोणी वाईट बोललं नाही. छान आहे, म्हणाले. कोणी केलं, म्हणाले. सांगितल्यावर थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग एकजण म्हणाले, सोवळ्याचा प्रश्न येईल, बघू, मीटिंगमध्ये घेऊ.

वर्षानुवर्षं आपण त्या माणसांना देत आलो. त्यांनी आपलं घ्यावं, आनंदाने घ्यावं, जपावं, एवढं सगळं आपलं म्हणणं. त्यांच्या हातचं एक आसन घ्यायची वेळ आली तर मीटिंग. दत्तसंप्रदायात तर घेण्यालाच केवढा मान! झोळी हेच त्याचं लेणं. गुरुचरित्रात श्रीगुरू गरीब ब्राह्मणाच्या घरी जातात, त्याच्याकडे घेवड्याच्या शेंगांशिवाय काही नसतं, त्या शेंगांची भिक्षा घेतात. गाणगापुरातला तंतुक, कापड विणणारा माणूस, आपलं काम उरकून मठाचं अंगण झाडायचा. श्रीगुरूंनी त्याची झाडलोट घेतली आणि त्याला श्रीशैलाचं दर्शन घडवलं. ही दोन्ही आख्यानं आपण सप्ताहात दरवर्षी वाचतो, सोवळ्यात बसून.

माझ्या मते ते आसन पादुकांखाली जायला हवं. विश्वस्तांना मी तसं लेखी दिलं आहे, आमच्यातल्या पाच जणींनी सही केली, दोघींनी नाही केली. ज्यांनी नाही केली त्यांच्याशी मी बोलणं टाकलेलं नाही. सोवळं त्यांच्या आईने शिकवलं, त्यांच्या आजीने पाळलं, ते एका भगव्या आसनाने एका दिवसात सुटेल असं मीही धरत नाही.

हे लिहीपर्यंत आसन मंदिराच्या ऑफिसातल्या कपाटात आहे. बाईंना मी खरं ते सांगितलं, ठरायचंय म्हणून. त्यांनी सोवळ्याचं काही विचारलंच नाही. परवा दादांबरोबर निरोप आला: पादुकांचं माप अंदाजाने धरलं होतं, लहान-मोठं झालं असेल तर परत पाठवा, उसवून पुन्हा करून देते.