कुरिअरवाल्याने फोडलं म्हणे!

“कुरिअरवाल्याने फोडलं, सर.” वा! आजोबांचं लंबकाचं घड्याळ तू ऑनलाइन लिलावात काढलंस. बोली चढत होती तेव्हा वर्गभर मोबाइल नाचवलास, पैसे जमा झाल्याचा मेसेज कँटीनमध्ये चार टेबलांवर दाखवून आलास. तेव्हा विकणारा तू होतास. आता नागपूरच्या त्या गृहस्थांच्या हाती काचेचा चुरा पडला, तर फोडणारा कुरिअरवाला! नफ्याला तू आणि नुकसानीला तो. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला ही वाटणी कोणत्या पुस्तकात वाचलीस?

आणि वर मलाच कलम ऐकवतोस. माल विक्री कायदा, 1930, कलम 39: वाहकाच्या ताब्यात माल दिला की तो ग्राहकाला दिल्यासारखाच. पाठांतर बरोबर आहे, पण अर्धं. पहिलं पोटकलम सोयीचं निघालं म्हणून तिथेच पुस्तक मिटलंस. दुसऱ्यात काय आहे? मालाचं स्वरूप ध्यानात घेऊन विक्रेत्याने वाहकाशी वाजवी करार करायचा. तो केला नाही आणि माल वाटेत हरवला किंवा खराब झाला, तर ‘वाहकाला दिला म्हणजे मला मिळाला’ हे मानायला ग्राहक नकार देऊ शकतो, नाहीतर तुझ्याकडून नुकसानभरपाई मागू शकतो. तुझा वाजवी करार कोणता? कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन “सगळ्यात स्वस्तात कसं जाईल?” एवढंच विचारलंस ना? किंमत लिहिली नाहीस, विमा उतरवला नाहीस. पावतीच्या मागची बारीक अक्षरं आता वाच मोठ्याने, वर्गाला ऐकू दे. घड्याळाच्या किमतीपुढे त्यातली भरपाई चहापाण्याचीसुद्धा नाही. त्या कागदावर सही तुझीच आहे.

पॅकिंगचे फोटो तूच मोठ्या कौतुकाने दाखवलेस म्हणून बोलतो. बिस्किटांचं खोकं, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं घड्याळ, वरून चिकटपट्टीचा एकच पट्टा आणि ‘नाजूक’ असं लाल स्टिकर. त्या स्टिकरवर तुझा फार भरवसा दिसतो. अरे, पार्सल छाननी केंद्रात सरकत्या पट्ट्यावरून घसरत जातं, गोणीत पडतं, ट्रकमध्ये त्याच्यावर दुसऱ्याची वीस किलोंची पेटी बसते. पट्ट्याला वाचता येत नाही आणि पेटीला दया येत नाही. खोकं कंबरेच्या उंचीवरून फरशीवर पडणारच आहे असं धरून बांधायचं असतं. स्टिकर लाव हवं तर, पण ते नाही असं समजून बांध.

लंबक आत तसाच लटकत ठेवलास. चावी दाराच्या आत सुटी. शंभर मैलांच्या खड्ड्यांत लंबक काचेवर आपटणार नाही तर काय करेल? घड्याळ पाठवताना लंबक काढायचा, वेगळा गुंडाळायचा, चावीची वेगळी पुडी करायची. टोल्याची हातोडी मऊ कापडाने बांधून टाकायची. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीला टांगतात ती सगळ्यात आधी मुरडते, म्हणून तिथे कागदाची घडी सारायची. काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची. काच त्याने वाचत नाही, पण तडकलीच तर तुकडे यंत्रात जात नाहीत. मग सगळं फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये लपेटून एका घट्ट खोक्यात, आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या, जाड, नव्या खोक्यात. दोहोंच्या मध्ये सहाही बाजूंनी निदान दोन इंच भरण हवं. भरण म्हणजे वर्तमानपत्राचे चार बोळे नव्हेत. ते पहिल्याच दणक्यात चपटे होतात. शेवटी खोकं कानाशी धरून हलवायचं. आतून काही वाजलं, तर उघडायचं आणि पुन्हा भरायचं.

मागे कोण हसतंय? तुमचाही हिशेब आहे माझ्याकडे.

जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या बाईसाहेब, तुम्ही तबकडी कव्हरातच ठेवून पाठवता. धक्का बसला की तबकडीची कड कव्हराची शिवण फाडते आणि ग्राहक म्हणतो, वर्णनात ‘उत्तम’ लिहिलं होतं. तबकडी आतल्या कागदी पाकिटासह बाहेर काढून कव्हराच्या मागे ठेवायची, दोन्ही अंगांना ताठ पुठ्ठे द्यायचे. आणि 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, त्या वाकत नाहीत, थेट तुकडेच होतात. एलपीसारख्या त्या पाठवाल तर ग्राहकाला भुगा मिळेल.

चित्र विकणारे कलावंत, रंगावर थेट फुग्यांचं प्लास्टिक लावू नका. उन्हात तापलेल्या गाडीत त्या फुग्यांचे ठसे कॅनव्हासवर उमटतात. मधे गुळगुळीत ग्लासिन कागद घाला.

आणि तू, नाणी विकणारा. चांदीचे रुपये एकाच पाकिटात खुळखुळत पाठवलेस. एकमेकांवर घासून चरे पडले, आणि चरा पडलेल्या नाण्याला संग्राहक विचारतो का? प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी चौकटीत बसवून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये चिकटवायचं. पाकीट हलवलं तर आवाज नाही आणि चाचपलं तर नाण्याची गोलाई लागत नाही, असं हवं. बाहेर ‘चांदीची नाणी’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलंस, म्हणजे चोराचंही काम सोपं करून दिलंस! सोनं, चांदी, दागिने, नाणी टपालाने पाठवायची तर विमा उतरवूनच, हा दंडक टपाल खात्यात फार जुना आहे. खासगी कुरिअर तर बहुधा ती घेतच नाहीत, म्हणून तू ‘कागदपत्रं’ असं लिहून दिलंस ना? मग हरवल्यावर भरपाई कागदांची माग.

दुबईचा कोणी जास्त बोली लावतोय असंही कानावर आलं. नाणं शंभर वर्षांहून जुनं असेल तर ते पुरावस्तू ठरतं. पुरावस्तू आणि कला संपदा अधिनियम, 1972 प्रमाणे केंद्र सरकार आणि त्याने नेमलेली संस्था सोडून कोणालाही ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं. आधी नाण्यावरचं साल बघ, मग बोली बघ.

टपाल म्हटल्यावर नाकं मुरडता म्हणून एक सांगतो. होप हिरा माहीत आहे? आपल्याच गोवळकोंड्याच्या मुलखातून गेलेला. 1958 साली हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिला. पाठवला कसा? साध्या खाकी कागदात गुंडाळून, न्यूयॉर्कहून रजिस्टर टपालाने. एकूण खर्च 145 डॉलर 29 सेंट. त्यात टपालहशील अवघं 2 डॉलर 44 सेंट, बाकीचा जवळजवळ सगळा पैसा दहा लाख डॉलरच्या विम्याचा. 8 नोव्हेंबरला निघालेला हिरा 10 तारखेला पोस्टमनने हातात आणून दिला. रजिस्टर टपालात हातोहाती सही पडायची, ऐवज कोणत्या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे ते कागदावर राहायचं, त्यावर विन्स्टनचा विश्वास होता. विम्यावर त्याने टपालहशिलाच्या पन्नास पटींहून जास्त खर्च केला. घड्याळवाल्या, तू विम्याचे पैसे वाचवलेस आणि त्या दिवशी मित्रांना मिसळ खाऊ घातलीस.

पुरावा ठेवण्याच्या बाबतीतही तुम्ही सगळे ढ. पाठवण्यापूर्वी वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो हवेत, क्रमांक असेल तर त्याचा जवळून हवा. वस्तू खोक्यात जाण्यापासून खोक्यावर पत्ता चिकटेपर्यंत एकच सलग चित्रण हवं. घरी वजन करा आणि पावतीवरच्या वजनाशी ताडा. वाटेत खोकं हलकं झालं तर ती पावतीच तुमच्या बाजूने बोलेल. जुनं खोकं वापरलंत तर आधीचा बारकोड खरवडून काढा, नाहीतर पार्सल भलत्याच गावी जातं. पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खातं उघडून बघा. पैसे आल्यावर ग्राहक ‘आता दुसऱ्या पत्त्यावर पाठवा’ म्हणाला, तर थांबा आणि लिलावाच्या संकेतस्थळालाच कळवा.

आता घड्याळवाल्या, तुझं. लिलावाची वेळ संपली, सौदा पुरा झाला, पैसे घेतलेस, तेव्हाच ते घड्याळ आजोबांचंही राहिलं नाही आणि तुझंही. दुसऱ्याची वस्तू तू बिस्किटांच्या खोक्यात कोंबलीस. त्या गृहस्थांना “कुरिअरकडे तक्रार करा” असं लिहून मोकळा झालास म्हणतोस. ते कशाला करतील? बुकिंग तुझ्या नावावर आहे, पावती तुझ्याकडे आहे. तक्रार तू करायचीस आणि लेखी करायचीस. आज संध्याकाळी त्यांना स्वतः फोन कर, माफी माग, पूर्ण रक्कम परत दे. घड्याळ परत मागवायचं असेल तर येण्याचा खर्चही तुझाच. कुरिअरकडून भरपाई मिळाली तर ती तू ठेव, न मिळाली तर नशीब तुझं. पैसे परत केल्याची नोंद उद्या अकराच्या आत माझ्या टेबलावर हवी.